बाजी चार दिवसांची, बाजी वीस सेकंदांची

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला, तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. पुण्याची मावशी म्हणते, उशिरा झालं पण बरं झालं. तिच्या सोसायटीतल्या एका मुलाने वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे क्रिकेटच्या टीम लावण्यात घालवले. मुंबईचा आत्तेभाऊ अशाच एका कंपनीत होता, त्याची नोकरी गेली. त्याचं म्हणणं, हा कौशल्याचा खेळ होता, मटका नव्हता. आणि साक्षीला तो मला बोलावतो: "ताई, तू सांग. तुमच्याकडे भर बाजारपेठेत बेटिंगची दुकानं आहेत. बुडाला का तो देश?"

मी स्कॉटलंडमध्ये राहते. गोल्फ इथला. ओपन चॅम्पियनशिप पहिल्यांदा खेळली गेली ती १८६० साली, इथेच, प्रेस्टविकला. दर जुलैला ती आली की ऑफिसात आणि पबमध्ये यंदा कोणावर पैसे लावायचे याचा खल सुरू होतो. मीही लावते, पाच-दहा पौंड. भावाला उत्तर द्यायचं तर मी गोल्फवरूनच देईन, कारण 'कौशल्य' हा त्याचा मुद्दा जितका खरा इथे ठरतो तितका क्वचितच कुठे ठरत असेल.

ओपनला १५६ खेळाडू उतरतात. चार दिवस, ७२ होल (चेंडू घालायचे खड्डे), सर्वांत कमी फटक्यांत संपवेल तो जिंकतो. दोन दिवसांनी पहिले ७० आणि त्यांच्या बरोबरीचे राहतात, बाकीचे घरी जातात. फुटबॉलच्या सामन्याचे निकाल तीन, इथे विजेते होऊ शकणारे दीडशे, म्हणून भाव, म्हणजे एका पौंडावर मिळणारे पौंड, मोठे. २००३ साली रॉयल सेंट जॉर्जेसवर जिंकलेला बेन कर्टिस जागतिक क्रमवारीत ३९६वा होता आणि ती त्याची आयुष्यातली पहिली मेजर (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) होती. २०२३ला हॉयलेकच्या मैदानावर ब्रायन हार्मन सहा फटक्यांनी जिंकला. स्पर्धेआधी त्याचा भाव एकाला शंभरच्या वर होता. १९९९ला कार्नूस्टीवर जाँ व्हान द वेल्द शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी घेऊन आला आणि ती तिथेच घालवून बसला. प्लेऑफ जिंकला अ‍ॅबरडीनचा पॉल लॉरी, जो त्या सकाळी दहा फटके मागे होता. इथल्या लोकांना तो दिवस अजून तोंडपाठ आहे.

हे वाचून सगळं नशिबाचं वाटेल, पण तसं नाही. अभ्यासू पंटर, म्हणजे बाजी लावणारा, कागद घेऊन बसतो. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडींनी प्रत्येक फटक्याची किंमत काढायची पद्धत बसवली, 'स्ट्रोक्स गेन्ड'. तिच्यातून दिसतं की पटिंग, म्हणजे जवळून चेंडू होलमध्ये ढकलणं, आठवड्यागणिक वरखाली होतं, पण लांबून चेंडू ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) आणण्याचं कसब टिकून राहतं. मागच्या आठवड्यात पटिंगच्या जोरावर जिंकलेल्याचा भाव वाजवीपेक्षा खाली आलेला असतो. उलट जो ग्रीनपर्यंत उत्तम पोचला आणि तिथे चुकला, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. समुद्राकाठच्या लिंक्स कोर्सवर तर वारा हाच मोठा खेळाडू. गुरुवारी सकाळी कोण निघणार आणि दुपारी कोण, हे वेळापत्रक आल्यावर हवामान बघून मत बदलणारे लोक मी पाहिलेत, आणि ते शहाणपणाचंच आहे. २००२ला म्युअरफिल्डवर मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून आलेल्या टायगर वुड्सची तिसरी फेरी शनिवारच्या वादळात सापडली. त्याने ८१ फटके घेतले.

मग बारीक अक्षरातले नियम. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरच्या पंटरला विन आणि प्लेस वेगळं शिकवायला नको. इथे दोन्ही एकत्र लावतात, त्याला 'ईच वे' म्हणतात. निम्मे पैसे जिंकण्यावर, निम्मे पहिल्या काही जणांत येण्यावर. हॉयलेकच्याच २०२३च्या ओपनमध्ये आपला शुभंकर शर्मा कॅमेरॉन यंगबरोबर संयुक्त आठवा आला, भारतीयाची या स्पर्धेतली सर्वोत्तम कामगिरी. समजा, त्याच्यावर एकाला दोनशेच्या भावाने दहा पौंड ईच वे लावले: पाच विन, पाच प्लेस. प्लेसला भावाचा पाचवा हिस्सा, म्हणजे एकाला चाळीस. बुकी पहिल्या आठ जणांना पैसे देत असेल तर आठवी जागा एक आणि दावेदार दोन, म्हणून पाचातले अडीचच पौंड धरतात, त्यावर मिळतात शंभर. शेजारचा बुकी दहा जणांना देत असेल तर पूर्ण पाच धरतात, त्यावर मिळतात दोनशे. खेळाडू तोच, स्पर्धा तीच, फक्त नियम वाचले म्हणून दुप्पट. (पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला होता. आपल्या लोकांवर प्लेस लावणं म्हणजे नुसती भावनाच असते असं नाही.)

तेव्हा आत्तेभावाचं पहिलं वाक्य मला मान्य आहे: यात कौशल्य आहे. पण त्या कौशल्यामुळे सामान्य माणूस वाचतो, हे मला अजिबात मान्य नाही. सगळ्या खेळाडूंच्या भावांवरून त्यांच्या जिंकण्याच्या शक्यता काढून बेरीज केली तर ती १०० टक्के यायला हवी. टेनिसच्या सामन्यात ती १०५च्या आसपास असते, मेजरच्या लांबलचक यादीत १३०च्या पुढेही जाते. वरचं ते बुकीचं. ते पार करून जो सातत्याने जिंकतो त्याचं खातं आवळलं जातं. पन्नास पौंड लावायला जावं तर दोनच पौंड घेतले जातात, आणि कायद्याला ते चालतं. कौशल्यवान माणसाला दार बंद, आणि हरणाऱ्याच्या फोनवर फुकट बेटचे मेसेज. ही रचना ज्याला कौशल्य नाही त्याच्याच पैशांवर उभी आहे.

आपल्याकडे मात्र पासष्टहून जास्त वर्षं सगळा वाद याच एका प्रश्नावर चालला आहे. १९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला खटल्यात बक्षिसाच्या स्पर्धांवरून सर्वोच्च न्यायालयाने कौशल्य आणि नशीब अशी रेघ ओढली. १९९६ला घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या बाजूला आल्या, २०१९ला मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम इलेव्हनला त्याच बाजूला ठेवलं. नव्या कायद्याने ऑनलाइनपुरती ती रेघ पुसली, आणि कंपन्या ती पुन्हा ओढून मागायला उच्च न्यायालयांत गेल्या; ते खटले सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतले. मला विचाराल तर रेघच चुकीच्या जागी आहे. विचारायचं ते हे: एक डाव हरल्यापासून दुसरा लावेपर्यंत माणसाला किती वेळ मिळतो, आणि तो लावतोय ते पैसे त्याचे आहेत की उसने?

बुधवारी लावलेल्या ओपनच्या बेटचा निकाल रविवारी संध्याकाळी लागतो. हरलात तर पुढची मेजर एप्रिलमध्ये. याहून सावकाश बाजीही इथे माहीत आहे. २००४ साली गोल्फपटू रोरी मॅकिलरॉय पंधरा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी, हा पोरगा दहा वर्षांत ओपन जिंकेल म्हणून २०० पौंड लावले, भाव एकाला पाचशे. २०१४ला हॉयलेकला तो जिंकला आणि वडिलांना एक लाख पौंड मिळाले. नसता जिंकला तर दहा वर्षांत दोनशे पौंडांचं नुकसान. आता याच देशातल्या बेटिंगच्या दुकानांतली जुगाराची मशिनं बघा: २०१९पर्यंत त्यांच्यावर दर वीस सेकंदांना १०० पौंड लावता येत. त्या वीस सेकंदांत घरं गेली. मटक्यालासुद्धा एक गती होती, न्यूयॉर्कच्या कापसाच्या दरांवरून चालायचा तेव्हा आणि नंतर मडक्यातून चिठ्ठ्या निघायच्या तेव्हाही: दिवसाला एक 'ओपन' आकडा, एक 'क्लोज'. तेवढ्यातही गिरणगावातले पगार गेले. अ‍ॅपला ती गतीची मर्यादाही नाही. ज्या फोनवर मी ओपनचा विजेता निवडते, त्याच पडद्यावर पुढच्या होलचा भाव असतो आणि बोट जरा खाली सरकवलं की स्लॉट मशिनं.

म्हणून भावा, देश बुडाला नाही हे खरं, पण कसा सावरतोय ते तू सांगत नाहीस. बेटिंगची दुकानं १९६१पासून कायदेशीर आहेत. ऑनलाइनचं आणि जाहिरातींचं दार सताड उघडलं ते २००५च्या कायद्याने. त्यानंतर बरीच वर्षं लोक बुडत राहिले आणि मगच ब्रेक लागले. २०१९ला त्या मशिनांची मर्यादा १०० पौंडांवरून २ पौंडांवर आली. २०२०ला क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला बंदी आली, आणि प्रत्येक परवानाधारक ऑनलाइन कंपनीला 'गॅमस्टॉप' या नोंदणीत यावं लागलं. तिथे एकदा नाव नोंदवलं की सहा महिने, वर्ष किंवा पाच वर्षं अशा सगळ्या कंपन्यांची दारं बंद. प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२५-२६च्या हंगामानंतर जर्सीच्या छातीवरून जुगाराची नावं काढायचं कबूल केलं. २०२५ला ऑनलाइन स्लॉटवर एका डावाला ५ पौंड आणि पंचविशीच्या आतल्यांना २ पौंड अशी मर्यादा आली. हे कंपन्यांनी आपणहून केलेलं नाही. मुलं गमावलेले आईवडील संसदेच्या पायऱ्या झिजवत राहिले. 'गॅम्बलिंग विथ लाइव्ज' ही संस्था अशाच एका जोडप्याने उभारली. इथलं बेटिंग कायदेशीर आहे म्हणून सुरक्षित आहे असं जो म्हणतो, तो या आईवडिलांना हिशेबातून वगळतो.

मावशीलाही मला सांगायचंय. रोज संध्याकाळी निकाल लावणारी आणि लगेच दुसऱ्या सामन्याला बसवणारी अ‍ॅप बंद झाली, याचं मला मनापासून समाधान आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, हेही योग्य. पण अ‍ॅप गेलं म्हणून त्या मुलाची ओढ जात नाही. परदेशातल्या वेबसाइट आहेत, ओळखीतला बुकी आहे. गोव्याला मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत, महालक्ष्मीला शर्यती होतात, आणि महाराष्ट्र सरकार स्वतः लॉटरी विकतं. बंदीने त्या मुलाच्या उपचाराची सोय कुठेच केलेली नाही.

ब्रिटनकडून घ्यायचं तर मी हे घेईन: एप्रिल २०२५पासून इथे जुगाराच्या प्रत्येक कंपनीकडून सक्तीचं शुल्क घेतलं जातं. अपेक्षा वर्षाला सुमारे १० कोटी पौंडांची आहे, आणि त्यातला निम्मा भाग उपचारांसाठी राखलेला आहे. महाराष्ट्राने आपल्या लॉटरीच्या आणि शर्यतींच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा असाच बाजूला काढावा आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जुगाराच्या व्यसनासाठी समुपदेशक नेमावा. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या संस्थांचा दारू सोडवण्याचा इतक्या वर्षांचा अनुभव त्यांना शिकवायला वापरावा. आणि सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांसाठी दार पुन्हा किलकिलं केलंच, तर परवान्याच्या पहिल्या पानावर तीन अटी असाव्यात: दोन डावांमध्ये सक्तीचं अंतर, उसन्या पैशांवर बंदी, आणि एका नोंदणीत सगळीकडून बाहेर पडायची सोय.