कानाला सवय होत नाही, कान जातो

रिहर्सलला बॅगेतून इअरप्लग काढले रे काढले की कुणीतरी सुरू होतंच. काय गं, कानात बोळे घालून कोण ड्रम वाजवतं, फील कसा येणार, आम्ही इतकी वर्षं वाजवतोय आम्हाला काही झालं का, सवय होते सगळ्याची. ही 'सवय होते' वाली मंडळी आता खरंच डोक्यात जायला लागलीयेत. कसली सवय? आतल्या कानात आवाज पकडणाऱ्या बारीक केसपेशी असतात, एका कानात साधारण 15 हजार, आणि त्या एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत, ना औषधाने ना ऑपरेशनने. तुम्हाला पूर्वीइतका त्रास होत नाही कारण तुम्हाला पूर्वीइतकं ऐकूच येत नाही. आणि हे असं अभिमानाने सांगता!

85 डेसिबलला (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा ते मोजायचं माप) 8 तास ही कामाच्या ठिकाणची मर्यादा अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने घालून दिलीय, आणि पुढे दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे 88 ला 4 तास, 91 ला 2, असं करत 100 ला येईपर्यंत फक्त 15 मिनिटं उरतात. छोट्या बंद खोलीत ड्रमसेट जीव लावून वाजवला की 100 सहज पार होतं, रिमशॉट, म्हणजे ड्रमची कड आणि कातडं एकदम हाणलेला फटका, तर त्याच्याही कितीतरी वर जातो आणि आमची रिहर्सल चालते दोन-दोन तास. त्यात गिटारवाला म्हणतो मला माझंच ऐकू येत नाहीये, अँप वाढवतो, मग बेसवाला वाढवतो, मग मला म्हणतात तू दबतेयस जरा जोरात मार. अरे कमी करा ना सगळे! एकदा तरी कुणी नॉब डावीकडे फिरवलाय का?

वर आणखी एक ज्ञान मिळतं की कान स्वतःच स्वतःला सांभाळतो. हो, मोठा आवाज आला की कानातला एक चिमुकला स्नायू आवळला जातो हे खरंय, पण त्याला तेवढा वेळ तर मिळाला पाहिजे. स्नेअरचा, म्हणजे सेटमधल्या त्या कडक वाजणाऱ्या ड्रमचा, फटका आत पोचूनसुद्धा झालेला असतो तेव्हा तो कुठे आवळायला लागतो.

आणि प्लीज कापूस घालू नका. कापसाने जवळजवळ काही अडत नाही, उगाच मनाचं समाधान. फोमचे प्लग घ्या, पण तेही नीट घाला, निम्म्या लोकांचे अर्धे बाहेर लटकत असतात आणि मग म्हणतात उपयोग नाही. बोटांत फिरवून अगदी बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. बाहेरचे आवाज दबल्यासारखे आले म्हणजे बसला. फोमने आवाज गढूळ होतो ही तक्रार मात्र मला मान्य आहे, कारण तो वरच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे बारीक आवाज, जास्त खातो, झांजा पार मेल्यासारख्या वाटतात. त्यासाठीच म्युझिशियन्सचे फिल्टरवाले प्लग असतात, सगळं साधारण सारखंच खाली आणतात, 15 डेसिबलवाले, 25 वाले. ड्रमरने 25 कडेच बघावं. फील फील करणाऱ्यांनी हे एकदा तरी वापरून बघितलेत का? नाही! न वापरताच मत तयार.

मोठे ड्रमर कुठे घालतात म्हणणाऱ्यांसाठी, मेटालिका या मेटल बँडचा ड्रमर लार्स उलरिक स्वतः उघडपणे सांगतो की त्याला टिनिटस आहे. टिनिटस म्हणजे कानात शिट्टी, शांत खोलीत, झोपताना, कायम. रिहर्सलनंतर जे कुंई ऐकू येतं ना, ज्याला तुम्ही 'आज मजा आली' म्हणता, ती धोक्याची खूण आहे.

पण सगळ्यात जास्त संताप येतो तो मुलांच्या बाबतीत. एका क्लासमध्ये बघितलं, एवढासा मुलगा, पाय पेडलला जेमतेम पोचतायत, सर शेजारी उभे राहून क्रॅश (मोठ्याने वाजणारी झांज) कसा मारायचा ते दाखवतायत आणि दर फटक्याला पोराचे डोळे गच्च मिटतायत, खांदे कानाला लागतायत. सर म्हणतात, घाबरू नको, सवय होईल. तो घाबरत नव्हता हो, त्याला दुखत होतं! आईबापांनी स्टिक घेतल्या, पॅड घेतला, ग्लोव्ह्जसुद्धा घेतले, कानाचं कुणी सांगितलंच नाही कारण सरांच्याच कानात काही नव्हतं. लहान मुलांचे इअरमफ मिळतात, डोक्यावर चढवायला दोन सेकंद लागतात. जो शिकवतो त्याला एवढं माहीत नसेल तर त्याने मुलांना सेटवर बसवूच नये.

आणि 'आम्हाला काही झालं नाही' म्हणणाऱ्यांनो, आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, करून घ्या. आवाजाने गेलेला कान बहुतेक वेळा त्या तपासणीच्या ग्राफवर 4,000 हर्ट्झच्या आसपास खड्डा दाखवतो, स, श, फ असे अक्षरांचे बारीक आवाज साधारण तिकडचेच, म्हणून माणूस बोलतोय हे कळतं पण काय बोलतोय ते कळत नाही. झांजेची चमकही तिकडचीच, ती ऐकू येईना म्हणून तुम्ही झांज अजून जोरात हाणता, आणि ती माझ्या कानात येते. तो ग्राफ घेऊन या, मग मला फील शिकवा.