खुलासा : लाल इशारा म्हणजे गूगलचा आकस नव्हे

‘गूगल छोट्या संकेतस्थळांवर मुद्दाम लाल पडदा टाकून ती बंद पाडतंय, क्रोम काढून टाका’ असा मेसेज फिरतो आहे. लाल पडदा म्हणजे साइट उघडण्याआधी ब्राउझरमध्ये येणारा ‘ही साइट धोकादायक आहे’ असा लाल इशारा. काही साइटमालकच तो पुढे पाठवत आहेत. तो दिशाभूल करणारा आहे.

हा इशारा गूगलच्या ‘सेफ ब्राउझिंग’ या धोकादायक साइटच्या यादीवरून येतो. फायरफॉक्स आणि सफारीही हीच यादी वापरतात, त्यामुळे क्रोम काढून काही साधत नाही. प्रामाणिक साइटचं नाव यादीत जातं ते बहुतेकदा तिच्यावर कुणीतरी घातक कोड घुसवल्यामुळे. वाटा नेहमीच्याच: वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीचं अपडेट न केलेलं प्लगइन (जोडसाधन), फुकट मिळवलेली चोरीची थीम (साइटची तयार मांडणी), सोपा पासवर्ड.

‘आम्हाला तर साइट नीट दिसते’ असं मालक म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. असा कोड अनेकदा गूगलवर शोधून किंवा मोबाइलवरून येणाऱ्यालाच भलतीकडे नेतो; थेट पत्ता टाइप करणाऱ्या किंवा लॉगिन केलेल्या मालकाला काहीच दाखवत नाही. म्हणून आरोप करण्याआधी सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातला सुरक्षेचा अहवाल उघडा. बाधित पानांचे नमुने बहुधा तिथेच सापडतात.

गूगल चुकत नाही असं मुळीच नाही. ३१ जानेवारी २००९ रोजी यादीत नुसती एक तिरकी रेघ (/) गेली, ती प्रत्येक साइटच्या पत्त्यात असते, आणि शोधातली जवळजवळ प्रत्येक साइट काही काळ धोकादायक ठरली. ती चूक त्यांनी त्याच दिवशी जाहीरपणे मान्य केली.

साइट साफ करून, घुसखोरीची वाट बंद करून सर्च कन्सोलमधूनच फेरतपासणी मागता येते. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.