सीपीयूला लागलेलं ऊन

आमच्या घरच्या कॉम्प्युटरच्या मते आज १ जानेवारी २०१५ आहे. काल पण होती. बाहेर मे महिना पेटलाय, दुपारी नागपूरच्या बर्डी बाजारात कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि हा रोज सकाळी नवीन वर्ष सुरू करून बसतो. बँकेचं पान उघडावं तर लाल त्रिकोण, मेल उघडावी तर लाल त्रिकोण, वीजबिल भरावं म्हटलं तर तिथेही तोच.

कारण मला माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते कोणीच ऐकून घेणार नाही. मदरबोर्डवर, म्हणजे सीपीयूच्या आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं, एवढंच त्याचं काम. काही वर्षांनी तो संपतो. पण भिंतीवरचं बटण चालू ठेवलं तर बंद सीपीयूलाही थोडी वीज मिळत राहते, घड्याळ त्यावर भागवतं आणि सेल गेल्याचा पत्ताच लागत नाही. आमच्याकडे लागला, कारण सासूबाई रात्री झोपायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद करत फिरतात. फ्रिजचं तेवढं माझ्या हातापाया पडण्यामुळे वाचलं आहे. राहिला लाल त्रिकोण. तर प्रत्येक वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत हे लिहिलेलं असतं. सप्टेंबर २०२० मध्ये ही मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आली, नंतर तर आणखी कमी झाली. २०१५ सालात बसलेल्या कॉम्प्युटरला ही सगळी प्रमाणपत्रं अजून सुरूच व्हायची आहेत, म्हणून तो कोणालाच घरात घेत नाही. बरोबरच आहे त्याचं.

तारीख हातानं दुरुस्त केली की दिवसभर सगळं सुरळीत. रात्री सासूबाई. सकाळी पुन्हा २०१५.

सेल मीच बदलला असता. पण मागच्या वेळी आलेल्या मेकॅनिकनं सीपीयूच्या झाकणाचा स्क्रू असा काही पिळून ठेवलाय की त्याला आता खाचच उरलेली नाही. म्हणून सीपीयू मांडीवर घेऊन ऑटोनं बर्डी गाठली.

दुकानातला मुलगा फोन कान आणि खांद्यात धरून तिसऱ्याच कोणाशी तरी कीबोर्डच्या भावावर वाद घालत होता. मी म्हटलं, "सेल बदलायचा आहे, तारीख मागे जाते." त्यानं सीपीयूकडे पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच नाही. म्हणाला, "फॉरमॅट मारा लागंल."

या फॉरमॅटबद्दल एकदा बोललंच पाहिजे. आवाज येत नाही? फॉरमॅट मारा. स्लो झाला? फॉरमॅट मारा. प्रिंटर अडला तर 'प्रिंट स्पूलर' नावाची सर्व्हिस बंद करून चालू केली की बहुतेक वेळा काम होतं, पण नाही, फॉरमॅट. माझ्या नणंदेच्या लॅपटॉपवर चहा सांडला तेव्हाही एका शहाण्यानं हाच उपाय सुचवला होता. फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्ह साफ होतो, आणि डेस्कटॉपवर ठेवलेले सगळे फोटो सी ड्राइव्हमध्येच असतात, हे सांगायची पद्धत फॉरमॅट झाल्यावर आहे. "डी ड्राइव्हमध्ये ठेवायचे ना मॅडम!" अरे बाबा, घरच्या कॉम्प्युटरात सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात. डिस्क गेली की दोघे सोबतच जातात.

हे मी मुलाला सांगणार, तेवढ्यात बाजूच्या स्टुलावरून आवाज आला.

"ऊन लागलं असंल."

डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेले, साठीचे गृहस्थ. हातात तर्री-पोह्याची प्लेट, मांडीवर एक माऊस. त्याच्या तुटलेल्या वायरीला टेप मारून घ्यायला आले होते.

"कोणाला?" मी विचारलं.

"सीपीयूले. मे महिन्यात होते तसं. रोज रिफ्रेश मारता का नाही?"

"रिफ्रेशनं काही होत नाही. डेस्कटॉपवरची चित्रं फक्त पुन्हा काढली जातात."

"अस्सं कसं?" पोह्याचा चमचा हवेत थांबला. "मी सकाळी उठल्याबरोबर वीस-पंचवीस वेळा मारतो. एफ फाईव्ह दाबलं का मशीन मोकळी होते. माणसानं कशी सकाळी तोंडावर पाणी मारावं लागते, तसं. नाही मारलं तं दिवसभर आळसते."

"त्यापेक्षा आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करा."

"मी रोज रात्री शटडाऊनच करतो."

इथे मला शहाणपणा आवरला नाही. मी सांगितलं की विंडोज आठपासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आहे. ती चालू असली की शटडाऊन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. म्हणजे कालचा घोळ आज शिळा होऊन पुढे येतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' लिहिलेलं असतं, तिथे खरं कळतं.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. पोहे संपवले. तर्री पिऊन टाकली.

"ते ठीक आहे," म्हणाले, "पण कांदा ठेवता का?"

"कांदा?"

"सीपीयूजवळ. आपण खिशात ठेवतो न उन्हाचा, तसा. मागं पंख्याची जाळी असते, तिथं एक ठेवून द्यायचा. गावरान पाहिजे. मी झाकण काढून सीपीयू कूलरसमोर ठेवतो, अन् बाजूले कांदा. दहा वर्षं झाले, मशीनले काही झालं नाही बाप्पा."

कूलरची ओली हवा उघड्या मदरबोर्डावर सोडायची म्हणजे गंज आणि शॉर्टसर्किटला बोलावणं आहे. झाकण असतं म्हणून आत हवेचा झोत नेमक्या जागी जातो. वाटलं तर झाकण लावून, सीपीयू भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि महिन्यातून एकदा बंद करून मऊ ब्रशनं धूळ काढा. हे सगळं तोंडात आलं होतं. पण ज्याचं मशीन कांद्यावर दहा वर्षं चाललंय त्याला आपण काय सांगणार?

"अहो, तुम्ही जरा थांबा हो," मी वैतागून म्हटलं, "मला यांच्याशी बोलू द्या."

मुलानं फोन खाली ठेवला. पहिल्यांदा मान वर केली. आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि त्या क्षणापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

ड्रिल लावून स्क्रू काढला. सेल काढून मीटरवर तपासला. जवळजवळ मेलेला. नवीन बसवला, तारीख लावली, आणि मग दुपट्टेवाल्यांकडे वळून म्हणाला, "सर, सेल गेला होता. त्यानं तारीख मागं जात होती."

सर म्हणाले, "मले वाटलंच."

कांदा कुठे गेला? ऊन कुठे गेलं?

"अन् सर, हे मशीन जुनं झालं. विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ले बंद झाला. याच्यावर इलेव्हन चढत नाही, त्याले लागते ती टीपीएम २.० सुरक्षा चिप नाही याच्यात. मॅडमले आता नवीन घेऊन द्या."

"पाहू दिवाळीले," सर म्हणाले.

मी म्हटलं, "मी यांना ओळखत नाही." मुलगा हसला, समजूतदारपणे, दुकानात येणाऱ्या रागावलेल्या बायका त्यानं पुष्कळ पाहिल्या असाव्यात. काकांनीही खुलासा केला नाही. त्यांना बहुतेक वाटलं असेल की हे कॉम्प्युटरबद्दलच चाललंय. मग पैशांचं निघालं. चेकिंग चार्ज साडेतीनशे, सेलचे वेगळे. काका म्हणाले, "तीनशे कर बे, रोजचे गिऱ्हाईक आहो." मुलानं तीनशे केले. मी आठ वर्षं त्या दुकानात जाते, मला एकदाही पाच रुपये सुटलेले नाहीत. ते पन्नास रुपये मी घेतले, आणि अजून खुपतात.

बिल मी घरी येऊन पाहिलं. त्यावर त्यांचं नाव, त्यांचं आडनाव, त्यांचा मोबाइल नंबर. मुलानं नंबर विचारला तेव्हा यांनी सवयीनं घडाघडा सांगितला असणार, मी तेव्हा पर्समध्ये सुटे शोधत होते. सहा महिन्यांची वॉरंटी त्या नंबरावर. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्डी, पुन्हा तेच काउंटर.

"नंबर बदलून द्या," मी म्हटलं.

"सरच्या मोबाइलवर ओटीपी गेला आहे, तेवढा सांगा."

"सर कुठे राहतात ते मला माहीत नाही."

मुलानं फोन बाजूला ठेवला. आवाज खाली आणला. माठातलं पाणी ग्लासात ओतून माझ्यापुढे सरकवलं.

"होते मॅडम घरात कधी कधी," म्हणाला. "संध्याकाळपर्यंत येतीन परत. मंग त्यायलेच पाठवून द्या."