सिस्टरच्या दवाखान्याला पालिकेचा पैसा: त्या फॉरवर्डला उत्तर

वस्त्यांमधले पालिकेचे छोटे दवाखाने वाढवायचे, तिथलं रोजचं बरंचसं काम प्रशिक्षित नर्सकडे सोपवायचं, असा विषय निघाला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच. नर्सच्या हाती दवाखाना देणं म्हणजे गरिबांच्या जिवाशी खेळ. तोच पैसा ससूनसारख्या मोठ्या हॉस्पिटलला द्या. दवाखाने चालवणं हे मुळात पालिकेचं कामच नाही, तिने रस्ते आणि पाणी बघावं. आणि पुण्यात डॉक्टरांचा काय दुष्काळ आहे, गल्लीत दोन-दोन पाट्या आहेत. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'एक जागरूक पुणेकर' अशी सही.

ही सगळी बडबड म्हणून सोडून देता येत नाही, कारण शिकलेली, चांगली माणसं ती पुढे पाठवतात. शिवाय त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. तिच्याकडेही येतो, पण आधी बाकीचं.

'गरिबांच्या जिवाशी खेळ' हे त्यातलं सगळ्यात जोरकस वाक्य, म्हणून त्याला जास्त जागा देतो. अशा दवाखान्यात सकाळी साडेनऊला काय चाललेलं असतं ते बघा. टेबलावर बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, पट्ट्यांची डबी, बाजूला जाडजूड रजिस्टर. समोर धुणीभांडी करणाऱ्या मावशी बसलेल्या, हातात घड्या पडून पडून मऊ झालेला केसपेपर. बीपी 160 च्या वर. सिस्टर विचारतात, "गोळ्या कधी संपल्या?" मावशी म्हणतात, "संपल्या कुठे, एक दिवसाआड घेते ना, पुरवून पुरवून." आता ही माहिती कुठल्याही लॅबच्या रिपोर्टात सापडत नाही. ती कळली नाही तर गोळीचा डोस वाढतो, मावशी तो वाढलेला डोसही एक दिवसाआड घेतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ती कळली, तर उपाय साधा आहे: रोज घ्या, पुढच्या गोळ्या संपायच्या आत इथेच मिळतील. हे विचारायला दहा मिनिटं लागतात. बाहेर चाळीस माणसं ताटकळत असताना डॉक्टरला ती काढता येत नाहीत, त्यात त्याचा दोषही नाही.

बीपी आणि साखरेच्या रुग्णांचं दर महिन्याचं काम हे असं असतं. आपल्या राज्याला ते नवीनही नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम 2017 च्या अखेरीला ज्या पाच राज्यांत सुरू झाला त्यात महाराष्ट्र होता. साताऱ्यापासून भंडाऱ्यापर्यंत काही जिल्हे निवडले गेले. सूत्र सोपं होतं. कुठली गोळी आधी, बीपी खाली आलं नाही तर पुढची कुठली, हे आधीच कागदावर ठरलेलं. निदान आणि सुरुवात डॉक्टरची. नंतरची मोजणी, गोळ्या देणं, न आलेल्याला फोन करून बोलावणं हे नर्स आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचं. या उपक्रमाला 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेचा पुरस्कारही मिळाला.

याहून अवघड काम महाराष्ट्रातल्या बायकांनी करून दाखवलं आहे, तेही नर्सिंगचं शिक्षण नसताना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बेताचं शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि इंजेक्शन देणंही त्यात आलं. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी खाली. पुण्याला तर इतकं लांब जायची गरज नाही. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात वढू परिसरातल्या गावांमध्ये स्थानिक आरोग्यसेविकांच्या बळावर काम उभं केलं, 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे मिळाला. त्या वेळी 'जिवाशी खेळ' म्हणणारे असतीलच.

परदेशात 'नर्स प्रॅक्टिशनर', म्हणजे रुग्ण तपासून उपचारही करणारी नर्स, हा रीतसर पेशा आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी 1965 मध्ये त्याचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. न्यूयॉर्कमध्ये 1,316 रुग्णांना सोडत पद्धतीने कुणाला डॉक्टर, कुणाला नर्स प्रॅक्टिशनर असं वाटून दिलं आणि सहा महिन्यांनी तब्येती तपासल्या. लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. 2000 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅनडातल्या ओंटारिओत 2007 मध्ये सडबरीला नर्स प्रॅक्टिशनरनेच चालवायचा दवाखाना सुरू झाला, मग त्या प्रांतात असे आणखी निघाले.

इथे फॉरवर्डवाल्यांना एक आक्षेप रास्तपणे घेता येतो, पण त्यांनी तो घेतलेलाच नाही. म्हणून मीच घेतो. तिथली नर्स प्रॅक्टिशनर पदव्युत्तर शिकलेली असते, औषधं लिहून द्यायचा कायदेशीर अधिकार तिला असतो. आपल्याकडे आरोग्यवर्धिनीच्या, म्हणजे वस्तीजवळच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या साच्यात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून येणारी व्यक्ती नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पदवी आणि वर सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम एवढं करून येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019 च्या कायद्यात कलम 32 आहे, त्यात मधल्या फळीच्या आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना द्यायची सोय आहे: प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक सेवेत ठरावीक औषधं स्वतः देता येतील, बाकी सगळं नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. म्हणजे न्यूयॉर्कचा निकाल उचलून जशाचा तसा पुण्याच्या धायरीत चिकटवता येणार नाही. जेवढं शिक्षण, तेवढंच काम. बीपी, साखर, लसीकरण, गरोदरपणातली तपासणी, टीबीच्या गोळ्या, जखमेचं ड्रेसिंग. छातीत कळ, अचानक तोंड वाकडं होणं, बाळाला धाप लागणं असं काही दिसलं की तिथे वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात. आणि फोनवर डॉक्टर हवाच. ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा त्यासाठीच आहे. हा डॉक्टरला काढून टाकायचा बेत आहे, असं ज्याने लिहिलं त्याने योजना वाचलेली नाही.

मग 'ससूनला द्या'. ससून राज्य सरकारचं, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, पालिकेचं नव्हे. पालिकेची म्हणजे कमला नेहरू, नायडू वगैरे. एवढी गल्लत 'जागरूक' सहीखाली शोभत नाही, पण समजा मुद्दा 'मोठ्या रुग्णालयाला द्या' असाच आहे. मोठ्या रुग्णालयांना पैसा कमी पडतो हे खरंच. पण तिथे गर्दी कुणाची आहे? बीपीची गोळी संपली म्हणून जनता वसाहतीसारख्या वस्तीतून ससूनला गेलेल्या माणसाचा अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाचा रोजही बुडतो. पुढच्या महिन्यात तो जात नाही. असे महिने साठत जातात आणि मग तो ससूनलाच पोहोचतो, फक्त या वेळी अर्धांगवायू घेऊन किंवा डायलिसिसच्या यादीत. पालिकेची शहरी गरीब योजना आहे, तीत ठरावीक उत्पन्नाखालच्या कुटुंबांच्या खासगी रुग्णालयातल्या बिलाचा भार पालिका उचलते. चांगली योजना आहे. पण किडनी गेल्यावर पालिका पैसे मोजणार आणि किडनी जाऊ नये म्हणून लागणाऱ्या गोळीला हात आखडणार, हा हिशेब कुठल्या शाळेतला?

'पालिकेचं कामच नाही' याला फार शब्द लागत नाहीत. पुणे महापालिका ज्या कायद्याखाली चालते, त्या 1949 च्या महानगरपालिका अधिनियमात सार्वजनिक दवाखाने आणि वैद्यकीय मदत बंधनकारक कर्तव्यांमध्ये मोडते, जमलं तर करा अशा ऐच्छिक यादीत नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतही सार्वजनिक आरोग्य आहे. रस्ते आणि पाणी त्याच याद्यांमध्ये शेजारी बसलेले आहेत.

आता गल्लीतल्या पाट्या. कोथरूड, औंध, सदाशिव पेठेत त्या आहेत, मान्य. पण 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पालिकेत आली, तेव्हा शहराची हद्द वाढली आणि दवाखाने मागे राहिले. 2025 च्या जानेवारीत जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गुइलेन-बॅरे आजाराची साथ आली ती नेमकी या पट्ट्यात, सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी. त्या वेळी घरोघर जाऊन 'कुणाला जुलाब झालेत का, पाय लुळे पडल्यासारखे वाटतात का, पाणी कुठलं पिता' हे कुणी विचारलं? आशा आणि सरकारी, पालिकेच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी. खासगी डॉक्टर दारात आलेल्या रुग्णाला बघतो, आणि ते त्याने नीट केलं तर त्याचं काम झालं. न आलेल्या रुग्णाला शोधायचं काम त्याचं नाही, त्याचे पैसेही त्याला कुणी देत नाही. शिवाय खासगी दवाखान्यातली फी, वर गोळ्या, वर रक्ततपासणी. महिन्यातून एकदा जमतं, जन्मभर दर महिन्याला जमत नाही. मधुमेह तर जन्मभराचा आहे.

फॉरवर्डमधली खरी गोष्ट एका ओळीत, घाईत येऊन जाते: 'आहेत ते दवाखाने आधी नीट चालवा.' याच्याशी माझं भांडण नाही. कंत्राटी नेमणुका, उशिरा होणारे पगार, औषधाच्या खिडकीवर 'बाहेरून घ्या' हे उत्तर, आणि नव्या फलकाच्या उद्घाटनानंतर महिन्याभरात रिकामी झालेली खुर्ची, हे पुण्यात पाहिलेलं नाही असं कोण म्हणेल? पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर खर्चायला देशभरात 70,051 कोटी रुपये सुचवले, त्यातले 24,028 कोटी शहरी आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी. दवाखाने वाढवायचा रेटा आला तो मुख्यतः तिथून. पण अशा अनुदानाला मुदत असते. मुदतीनंतर सिस्टरचा पगार कोण देणार, याचं उत्तर पालिकेच्या स्वतःच्या अर्थसंकल्पात असायला हवं. म्हणून मी विस्ताराच्या बाजूने आहे, पण पैसा रंगरंगोटी आणि फलकाच्या शीर्षाखाली पडला तर विरोधात. तो मंजूर पदं, नियमित पगार आणि औषधांचा साठा यांवर पडला पाहिजे.

तेव्हा ज्यांना आक्षेपच घ्यायचा आहे त्यांनी पुढचा फॉरवर्ड पाठवण्याआधी आपल्या क्षेत्रीय कार्यालयात एक माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. हद्दीतल्या प्रत्येक पालिका दवाखान्यात नर्सची किती पदं मंजूर आहेत, किती भरली आहेत, त्यातली कंत्राटी किती, आणि गेल्या बारा महिन्यांत बीपीच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या किती दिवस शिल्लक नव्हत्या. उत्तर आलं की ते ग्रुपवर टाका. ते मीही पुढे पाठवीन.