शेरवानी अंगावर, पंचा पिशवीत

तुम्ही रत्नागिरी, रायगड किंवा सिंधुदुर्गात राहत असाल आणि पुरुष असाल, तर तुम्हाला कपड्यांतलं काही कळत नाही, हे आधी मान्य करून टाका. आजवर तुम्ही बंडी, सदरा, लुंगी आणि खांद्यावर पंचा एवढ्यावर भागवलंत. इरलं पांघरून भाताची लावणी करणाऱ्यांचे तुम्ही वंशज, तुम्हाला लाइफस्टाइल कुठून असणार? सुदैवाने हल्ली पुरुषांचे कपडे विकणारी कंपनी नुसते कपडे विकत नाही. तुमच्याच जिल्ह्याची संस्कृती, खेळ आणि राहणी यांची खबरबात ती तुम्हालाच पुरवते. शिमगा आला, गणपती आले, क्रिकेटचा चषक आला, सगळं ती कळवते, आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी एक जाकीट असतं. तिचे सल्ले अमलात कसे आणायचे, ते खाली दिलं आहे. मनापासून करा.

सुरुवात लग्नापासून, कारण कोकणात लग्न मे महिन्यात. चाकरमान्याला रजा तेव्हाच, पोरांना सुट्टी तेव्हाच आणि आंबाही तेव्हाच. किनाऱ्यावर पारा 33-34 च्या फारसा वर चढत नाही, म्हणून विदर्भातले पाहुणे तुमच्या उकाड्याला हसतात. हसू द्या. त्यांच्याकडे घाम वाळतो. इथे हवेतच इतकं पाणी की घामाला जायला जागा नसते, तो तुमच्याकडेच मुक्कामाला राहतो. अशा हवेत काय घालावं? अर्थातच शेरवानी.

ती तीन थरांचीच घ्या. बाहेर जरीचं जड ब्रोकेड, ज्याच्या चिठ्ठीवर ‘सिल्क’ लिहिलेलं असतं. शिवणीतला एक धागा ओढून त्याला काडी लावली की वितळून टणक काळी गोळी होते, म्हणजे ते पॉलिएस्टर. (खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. हा प्रयोग दुकानात करू नये, शेठला आवडत नाही.) मधे पेस्टिंग. आत टॅफेटाचं अस्तर, तेही पॉलिएस्टर. प्रमाण मानलेल्या हवेत सुती कापड वजनाच्या साधारण 8.5 टक्के ओलावा धरतं, लिनन 12 टक्के आणि पॉलिएस्टर 0.4 टक्के. तेव्हा मुहूर्त 12 वाजून 20 मिनिटांचा असेल, तर सव्वाबारापर्यंत तुमच्या पाठीवरून निघालेला घाम कापडात कुठेही न थांबता थेट चुडीदाराच्या नाडीपर्यंत पोहोचलेला असेल. नाडी ओली झाली की गाठ सुटत नाही. ही माहिती जेवणानंतर उपयोगी पडते.

पेस्टिंगबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरी गंमत तिथे आहे. एका बाजूला गोंदाचे बारीक ठिपके असलेलं हे कापड गरम प्रेसखाली पुढच्या पल्ल्याला आतून चिकटवतात, म्हणजे छाती ताठ दिसते. हलक्या मालात हे काम घाईत झालेलं असतं. घाम, ड्रायक्लीनिंग आणि वाफेची इस्त्री एवढी फेरी दोनदा झाली की जागोजागी गोंद सुटतो आणि छातीवर तळलेल्या फणसाच्या पापडासारखे फोड येतात. मग काय करायचं? घरची इस्त्री पूर्ण गरम करून जोरात दाबायची. गोंद बाहेरच्या कापडावर उमटतो आणि फोडांच्या जागी चकचकीत ठिपके दिसतात. हातमाग म्हणून सांगता येतं.

नवऱ्याच्या भावाने सूट घ्यावा. कोटाच्या बाहीवर कंपनीचं नाव विणलेली पट्टी टाचलेली असते आणि मागच्या चिरेवर दोऱ्याची फुली. ही दोन्ही दुकानातून निघताना कापून टाकायची असतात, पट्टी दुकानात ओळखू यावं एवढ्यासाठी आणि फुली कोट लटकवताना आकार बिघडू नये एवढ्याचसाठी असते. तुम्ही कापू नका. पट्टी काढली तर कंपनी कोणती हे वरातीला कळणार कसं? आणि फुली राहू दिली की बसताना कोट मागून कासवासारखा फुगतो, तोही फोटोत दिसतो. दोन बटणांच्या कोटाचं खालचं बटण उघडं ठेवतात, असं कुणी सांगितलं तर त्याला सांगा, पैसे दोन्ही बटणांचे दिलेत.

मांडवाच्या दारात एखादी काकी भेटेलच. “मेल्या, तुका उकडना नाय?” असं ती विचारेल. उत्तर देऊ नका, हसा. तोंड उघडल्यास मिशीवरचा घाम आत जातो.

आता बूट. थोरल्याच्या लग्नाला घेतलेले, एकदाच घातलेले, खोक्यात जपून माळ्यावर ठेवलेले बूट धाकट्याच्या लग्नाला काढायचे, ही आपल्याकडची रीत. ती मोडू नका. हलक्या फॅशनी बुटांचा तळ बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो, दुकानदार नुसतं ‘पीयू’ म्हणतो. दमट हवेतलं पाणी या मालाच्या आतले जोड हळूहळू तोडत राहतं. वरून काहीच दिसत नाही. पॉलिश मारा, आरशासारखा चमकतो. पण तीन-चार पावसाळे खोक्यात काढलेल्या तळाला अंगठ्याचं नख रुतवून बघा: चिकट खळगा पडला किंवा भुगा निघाला, तर तो बूट फक्त दिसायला बूट आहे. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवला असेल तर आणखी लवकर, कारण आत शिरलेली दमट हवा बाहेर पडत नाही. रोज वापरातला बूट टिकतो आणि जपून ठेवलेला जातो, हे कोकणी काटकसरीला पटणारं नाही.

जातो कसा, तेही ऐकून ठेवा. आधी टाच. पंगतीच्या वाटेवर शेणाने सारवलेल्या खळ्यात काळ्या वड्या पडू लागतात. कुणीतरी म्हणतं, उंदराने काही आणलं वाटतं. मग पुढचा तळ जिभेसारखा लोंबतो, आणि अक्षतांच्या वेळी तुम्ही पाय न उचलता, घसटत, स्टेजवर चढता. लोकांना वाटतं, नवऱ्याचा भाऊ किती गंभीर आहे. रबराचा शिवलेला तळ घेतला असता तर हे टळलं असतं, पण त्यात कसली आलीय लाइफस्टाइल.

संस्कृतीकडे वळू. शिमग्याचं कलेक्शन येतं ते पांढऱ्या, अंगाला घट्ट बसणाऱ्या कुर्त्यांचं. फोटोतला मुलगा हात खाली सोडून, मंद हसत उभा असतो. त्याला पालखी नाचवायची नसते. तुम्हाला असते. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे ती टेकवायच्या चौथऱ्यावर, आली की हात डोक्याच्या वर जातात, आणि तिथेच स्लिम फिटचा पहिला ‘चर्र’ आवाज येतो. जुने शिंपी सदऱ्याच्या काखेत एक चौकोनी तुकडा तिरका बसवत, त्याला चौबगला म्हणत. हात वर गेला की तो तुकडा उघडतो, खाली आला की मिटतो, आणि ओढ शिवणीवर येत नाही. वीतभर कापडाचा आणि चार शिवणींचा प्रश्न. कंपनीने तो तुकडा वाचवला आणि त्या जागेला ‘स्लिम’ हे नाव दिलं. तेव्हा ट्रायल रूममध्ये दोन्ही हात वर करून, अर्धं वळून बघण्याचा अडाणीपणा करू नका. कुर्ता बेंबीपर्यंत वर येतो की नाही, हे सहाणेवर साऱ्या गावासमोर कळलेलं बरं.

फेटा तयार, वेल्क्रोचा घ्या. आठ-नऊ मीटर कापड डोक्यावर बांधायला येणारा माणूस अजून बहुतेक वाड्यांत मिळतो, फुकटात बांधतो, आणि सुती कापड असेल तर पालखीच्या उड्यांतही ते हलत नाही. पण त्याच्यासमोर मान स्थिर ठेवून पाच मिनिटं बसावं लागतं. तयार फेटा साटीनचा असतो. तो दुसऱ्या उडीला कानावर येतो आणि तिसरीला कुणाच्या तरी हातात. हातात आला की वारा घ्यायला चांगला.

पांढऱ्या कुर्त्यावर जांभ्याची लाल माती बसणारच. ती लगेच पाण्याने चोळा, म्हणजे नीट आत जिरेल. (वाळू देऊन ब्रशने झटकली, मग गार पाण्यात खळबळली, तर निम्मी निघून जाते. पण एवढा धीर कुणाला?) उरलेल्या डागावर क्लोरीनचा ब्लीच ओता. माती लाल असते ती लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि ब्लीचला लोहाचं काही वाकडं करता येत नाही. उलट डाग गंजासारखा पक्का होतो. लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवायचा उपाय आजी सांगेल. लिंबातलं आम्ल लोहाला धरून सोडवतं, म्हणून तो उपाय चालतो, पण आजीचं कलेक्शन नसतं. केळीचा चीक आणि काजूच्या बोंडाचा रस यांना मात्र हातही लावू नका, ते जायचे नाहीत. त्यांना प्रिंट म्हणा.

दशावताराची बातमी कंपनी अजून काढत नाही, का ते समजण्यासारखं आहे. तिथे बायकांची कामंही परंपरेने पुरुषच करतात. स्वतःच्या हाताने रंग लावून, नऊवारी नेसून, दागिने चढवून पहाटेपर्यंत जत्रेत उभा राहिलेला तो नट उभ्या कोकणातला सर्वांत नीटनेटका पुरुष असतो. त्याची पेटी उघडून बघितली तर पुरुषांच्या कपड्यांचा धंदा एका रात्रीत बसेल.

गणपतीला रेयॉनचा कुर्ता. दुकानात हाताला मऊ, गार, झुळझुळीत लागतो, भाव सुतीपेक्षा कमी. सुती धागा ओला झाला की आणखी चिवट होतो. रेयॉनचं उलटं, ओलं झालं की त्याची निम्म्याच्या आसपास ताकद जाते. विसर्जनाला तुम्ही व्हाळात कमरेभर पाण्यात असता, वरून पाऊस, डोक्यावर पाट आणि पाटावर देव. कुर्त्याने साथ सोडायला याहून चांगला मुहूर्त नाही. देव घट्ट धरा. कुर्ता वाहून गेला तर खालच्या वाडीत सापडतो.

लिनन घ्या असं कंपनी म्हणते, आणि गंमत म्हणजे या एका बाबतीत ती खरं बोलते. लिनन कोकणाच्या हवेला खरोखर चांगलं. फक्त एसटीने प्रवास करू नका. दापोलीला चढून खेडला उतरेपर्यंत मांडीपाशी पडलेल्या चुण्यांवरून तुम्ही कुठल्या सीटवर बसला होतात ते सांगता येतं.

पावसाळ्याआधी साठवण. कपड्यांना पेजेची खळ कडक घाला. खळ म्हणजे बुरशीला आणि कसरीला तयार वाढलेलं पान, त्यांचे चार महिने सुखात जातात. शेरवानीवरचं दुकानाचं प्लास्टिक काढू नका, आत दमट हवा टिकून राहते. डांबराच्या गोळ्या ओंजळभर टाका. त्या कसरीला पळवतात, बुरशी त्यांना जुमानत नाही, पण दसऱ्याला अंगाला येणारा वास लाइफस्टाइलचा वाटतो. जुन्या धुवट धोतरात गुंडाळून ठेवणं, उघडीप मिळेल त्या दिवशी कपाटाची दारं उघडी टाकणं, ही कामं घरात रिकामा माणूस असल्यास करावीत. लोखंडी चेन खाऱ्या हवेत गंजून अर्ध्यात अडकते, ती वर अडकली की खाली अडकली यावर दिवसाचं नियोजन ठरवा. पितळी किंवा प्लास्टिकची चेन बघून घेणाऱ्याला लोक चिकित्सक म्हणतात.

आता खेळ. भात कापून झालं, मळा सुकला किंवा सडा (जांभ्याचं उघडं पठार) मोकळा झाला की टेनिस बॉलचे सामने सुरू होतात आणि कंपनीला तुमच्यातला खेळाडू दिसू लागतो. टी-शर्टची ऑर्डर द्या. खेळाडू 11, राखीव चार, समालोचक एक, सरपंच एक आणि ज्याने मैदानाला जमीन दिली त्याचे दोन जावई. माप विचारल्यावर सगळे ‘एल’ सांगतात. लिहून घ्या, भांडण नंतर करता येतं. प्रायोजकांची बोधचिन्हं मोबाइलवर दहा जणांकडून फिरून आलेली, धूसर झालेलीच छापायला पाठवा, म्हणजे कुक्कुटपालनवाला आणि चिरेखाणवाला यांची कोंबडी आणि चिरा सारखेच दिसतात.

छपाई होते ती अशी: चित्र आधी कागदावर उलटं छापतात, मग 200 अंशांच्या आसपासच्या प्रेसखाली शाईची वाफ होऊन ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. सुती कापडावर ती टिकत नाही, आणि पांढरा रंग या पद्धतीत छापताच येत नाही, म्हणून मूळ कापड पांढरंच लागतं. आधी शिवून मग छापलेला स्वस्त माल घेतलात तर काखेच्या घडीत शाई पोचत नाही. गोलंदाजाने हात वर केला की तिथे पांढरी चीर चमकते, फलंदाजाचं लक्ष उडतं. एवढा एकच खरा क्रीडाविषयक फायदा. ‘ड्राय फिट’ सड्यावरच्या वाऱ्यात बऱ्यापैकी काम करतं, हे मान्य करायला हवं, खाली मळ्यात वारा पडला की ते तुमच्यासारखंच ओलं. धुताना सुगंधी कंडिशनर भरपूर ओता: धाग्यांमधल्या बारीक वाटा बुजतात आणि घाम ओढून घेणं थांबतं. पॉलिएस्टर अंगाचं तेल सोडत नाही, त्यामुळे उपांत्य फेरीपर्यंत संघ दिसायच्या आधी ओळखू येतो.

चषक संपल्यावर टी-शर्ट फेकू नका. लावणीला उत्तम, लवकर वाळतो. त्यानंतर तो भाताच्या शेतात बुजगावण्याला चढवावा. शाई धाग्याच्या आत शिरलेली असल्याने उन्हापावसातही प्रायोजकाचं नाव बरेच दिवस वाचता येतं, आणि वानरं ते शांतपणे वाचतात. बुजगावण्याला मात्र ‘एक्सएल’च घाला, त्याचे हात कायम आडवे असतात आणि काखेत चौबगला नाही.