शॉवरची धार, टॉवेल आणि 'कंजूस हॉटेल': मालकाकडून उत्तर

नमस्कार सर, मी हॉटेलचा मालक. तुम्ही 2 स्टार दिलेत आणि लिहिलंत की शॉवरला धारच नव्हती, 3 दिवस तोच टॉवेल वापरावा लागला आणि 'पाणी वाचवा' ही पाटी म्हणजे बिल वाचवायचं सोंग आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी तुमची खोली स्वतः जाऊन बघितली.

शॉवरचं तुमचं खरं आहे. आम्ही कमी पाण्याचे शॉवर बसवलेत, जुन्यातून मिनिटाला 15-16 लिटर जायचं, यातून 8 च्या आसपास जातं, पण म्हणून धार मरत नाही हो, तुमच्या खोलीतल्या शॉवरच्या जाळीत क्षार साचला होता, बादली लावून मोजलं तर मिनिटाला 4 लिटरपण येत नव्हतं. याला बचत म्हणत नाहीत, मेंटेनन्स झाला नाही म्हणतात. चूक आमची, सॉरी. आता सगळ्या मजल्यांवरच्या जाळ्या काढून साफ केल्यात.

टॉवेल बाथरूममधल्या टोपलीत टाकला की बदलून मिळतो, टांगून ठेवला की नाही, हे तुम्हाला चेक-इनला कुणी सांगितलंच नाही. तेही आमचंच.

पण सोंग म्हणालात ते जरा लागलं. पैसे वाचतात का, तर हो वाचतात, त्यात लपवायचं काय? 8 मिनिटांच्या आंघोळीला जवळपास 60 लिटर कमी जातं, तेवढं पाणी नुसतं 15 डिग्रीनं गरम करायचं तरी 1 युनिट वीज लागते, शिवाय ते पंपानं वर चढवायचं आणि वापरून झालं की सांडपाणी म्हणून परत साफ करायचं. हे एका आंघोळीचं झालं, आता खोल्यांनी गुणा.

आणि घरात नळ ठिबकला तर टपटप ऐकून कुणीतरी वैतागून उठतंच, हॉटेल काय, ऑफिस काय, हॉस्टेल काय, तिथे नळ कुणाचाच नसतो. पाहुणा सकाळी निघून जातो, पोऱ्याची शिफ्ट बदलते, आणि सेकंदाला एक थेंब म्हणजे वर्षाला 11 हजार लिटरच्या वर पाणी जातं. फ्लश तर आवाजही न करता गळतो. आम्हाला कळलं कसं, तर रात्री 2 ला मीटरचा आकडा लिहून ठेवला आणि 4 ला परत बघितला, सगळे झोपलेले आणि आकडा पुढे! मग प्रत्येक फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकला, बटण न दाबता 10-15 मिनिटांत भांड्यात रंग उतरला की वॉशर गेला समजायचं. असे बरेच निघाले, पाहुण्याला काडीचा त्रास न देता ते पाणी थांबलं.

खरं सांगू, हे आधी करून मग तुमच्यासमोर पाटी लावायला हवी होती, आम्ही उलटं केलं. पाटी आता काढलीय, त्या जागी टोपलीचं कसं चालतं ते दोन ओळीत लिहिलंय. परत आलात आणि धार कमी वाटली तर रिसेप्शनला फोन करा, आता बादली आणि घड्याळ तिथेच ठेवलंय, तुमच्यासमोर मोजू.