बॅटरीची निगेटिव्ह काढून क्रूझ कंट्रोल दुरुस्त होत नाही

बडोद्यातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांत हा मेसेज फिरतोय: "क्रूझ बंद पडलं? बॅटरीची निगेटिव्ह दहा मिनिटं काढून ठेवा. नाही जमलं तर फ्यूज बदला. ब्रेक लाइट लागतोय ना, मग ब्रेक स्विच बरा आहे. तरीही नाही, तर ईसीयू गेला." चार सल्ले, चारही गंडलेले. क्रूझ कंट्रोल म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडी ठरवलेल्या वेगावर ठेवणारी सोय, आणि ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा कंप्युटर.

निगेटिव्ह काढली की अनेक गाड्यांत ईसीयूतला फॉल्ट कोड (बिघाडाचा नोंदलेला क्रमांक) आणि त्या क्षणाचा वेग, आरपीएम ही नोंद पुसली जाते. बिघाड जागच्या जागी, माग तेवढा गेला. आधी ओबीडी पोर्टला, म्हणजे बिघाड वाचायच्या सॉकेटला, स्कॅनर लावा. पी०५७१ किंवा पी०५०४ आला तर ब्रेक स्विचचं सर्किट, पी०५०० आला तर वेगाचा सिग्नल.

फ्यूजचं म्हणाल तर इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरला केबल नसलेल्या) बहुतेक गाड्यांत क्रूझ हे ईसीयूचंच एक काम. फ्यूज उडालाच असेल तर सोबत आणखी काहीतरी बंद पडलेलं दिसतं.

सगळ्यात फसवं वाक्य ब्रेक लाइटचं. अनेक गाड्यांत या स्विचला चार पिना असतात आणि आत दोन सर्किटं. पेडल दाबलं की एक जुळतं, दिवा लागतो. दुसरं तुटतं, क्रूझ सुटतं. दिवा लागला म्हणजे फक्त पहिलं बरं. कनेक्टर काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, सर्किट जुळलं की तो वाजतो. पेडल मोकळं असताना एकच जोडी वाजायला हवी, दाबल्यावर ती गप्प होऊन दुसरी. तसं झालं नाही तर आधी स्विचची बैठक बघा, मग स्विच बदला. स्विचचा दांडा पेडलवरच्या ज्या छोट्या रबरी किंवा प्लास्टिकच्या बटणावर टेकतो, ते जुनं होऊन भुगा होतं. मग दांडा भोकातून आरपार जातो आणि गाडीला ब्रेक कायम दाबलेलाच वाटतो. पायाशी तुकडे सापडले, मागचे दिवे विझेनात, तर हेच. काही जण स्विचच्या वायरी थेट जोडून क्रूझ 'चालू' करून देतात. ब्रेक दाबल्यावर क्रूझ सुटावं म्हणून जी व्यवस्था आहे, तीच ते मोडतात.

ईसीयूचा नंबर शेवटी. त्याआधी डॅशबोर्डवरच्या मीटरकडे नीट बघा. क्रूझचा दिवाच लागत नाही, हॉर्न किंवा ऑडिओची बटणंही मेली, एअरबॅगचा दिवा पेटलाय? मग संशय क्लॉक स्प्रिंगवर, म्हणजे स्टिअरिंगमागच्या गुंडाळलेल्या पट्टीवर, जी तिथल्या बटणांना आणि एअरबॅगला वीज पोचवते. निगेटिव्ह काढायची खरी वेळ ही. एअरबॅगला हात लावण्याआधी मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं. चाकं सरळ ठेवा, नवी स्प्रिंग मधोमध आणूनच बसवा. नाहीतर स्टिअरिंग पूर्ण फिरवताच आतली पट्टी तुटते.

क्रूझचा दिवा लागतो पण वेग सेट होत नाही, तर ब्रेक स्विच किंवा क्लच स्विच. की वेगच कमी होता? बऱ्याच गाड्या ताशी ४० किमीच्या आसपासच्या खाली सेट घेतच नाहीत, तेव्हा अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) बटण दाबून निकाल लावू नका. अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर, मोकळ्या लेनमध्ये बघा.

सेट होऊन मध्येच सुटतं आणि एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही लागतो, तर चाकाजवळचा स्पीड सेन्सर. २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीच्या पुरात उभी राहिलेली गाडी असेल तर पहिल्यांदा त्याचा कनेक्टर उघडा. पिना नुसत्या हिरवट असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरने भागेल. झिजून बारीक झाल्या असतील तर कनेक्टरच बदलावा लागेल.